तोंडी अदलाबदल

आमच्या घरात शेतीचा मोबाईल माझ्या वाट्याला आला, कारण घरात बारावी पास मी एकटीच. नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, हंगामात घरी कमी आणि आरमोरी-वडशाच्या रस्त्यावर जास्त. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, मोबाईल हातात धरणंसुद्धा नको वाटायचं. शेतात तो वाजला की ते त्याला दोन बोटांनी उचलून माझ्याकडे आणून द्यायचे, उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकावा तसा. मग राहिलं कोण? धान रोवायचं मी, निंदायचं मी, आणि आता मोबाईलमध्ये भरायचंही मीच.

त्याआधी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये एक कार्यक्रम झाला होता. शहरातून एक साहेब आला होता, चिखलाच्या दिवसांत पांढरे बूट घालून. पडद्यावर त्यानं हिरवी-पिवळी चित्रं दाखवली आणि सांगितलं की आता शेत तुमच्या मुठीत आलं. घरबसल्या हवामान कळेल, कीड कळेल, बाजारभाव कळेल. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "साहेब, रेंज कुठी भेटते ते कळन का?" सगळा हॉल हसला. साहेबही हसला आणि उत्तर न देता पुढच्या चित्रावर गेला. आमच्या गावात रेंज तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मिळते, शाळेच्या मागं थोडीशी मिळते आणि घरात अजिबात मिळत नाही. घरबसल्याच करायचं तर आम्हाला घर उचलून पाळीवर न्यावं लागलं असतं.

तरी मी शिकले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायलाही लागलं होतं. पुढचे दोन दिवस हवामान कोरडं राहील असा निरोप यायचा आणि मी तो पाळीवर छत्री धरून वाचायचे. गावाच्या ग्रुपवर वाघ कोणत्या अंगाला दिसला ते यायचं, त्याच्या वर-खाली गुलाबाची फुलं आणि गुड मॉर्निंग. बाया मला विचारायला यायच्या, "पाह्य ना बाई, माह्या पिकाचं काय म्हणते तुहा मोबाईल." मला मान मिळायचा. सून म्हणून आलेल्या बाईला गावात मान मिळतो तो असा उशिरा आणि अशा भलत्याच वाटेनं.

आमच्याकडची एक रीत इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. धानाच्या शेतीत आम्ही बांधी म्हणतो ती म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवलेला तुकडा. तलावाचं पाणी एका बांधीतून दुसरीत उतरतं. म्हणून ज्याचे तुकडे इकडे-तिकडे पडले असतील तो शेजाऱ्याशी बोलायचा: तुझी ती मला दे, माझी ही तू घे. धुऱ्यावर बसून चहा व्हायचा, फार तर नारळ फुटायचा, आणि अदलाबदल होऊन जायची. कागदावर कोणी नेलं नाही. तहसीलला जायचं म्हणजे दिवस मोडायचा, आणि आपसातलं तर आहे, लिहायचं कशाला? पटवारी गावात येऊन पारावर बसायचा आणि लोक सांगतील ते पीक लिहून घ्यायचा. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि नांगर दुसऱ्याचा, अशी निम्मी शेती चालायची, आणि त्यावरून कधी भांडण झाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. शहाणी माणसं याला मूर्खपणा म्हणतील. आम्ही त्याला घरोबा म्हणत होतो.

मामाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काकाजी, यांनीही तेच केलं होतं. वाटणीत तलावाच्या पाळीखालची बांधी काकाजींच्या नावावर लागली आणि रस्त्याकडची बर्डी, म्हणजे उंचावरची मुरमाड जमीन, मामाजींच्या नावावर. तेव्हा पाळीखालची बांधी कोणालाच नको होती. पाळ झिरपायची, बांधीत मांडीएवढा चिखल, धान मुळाशी सडायचं. काकाजींचा गुडघा तरुणपणीच बैलगाडीखाली सापडून गेला होता. ते स्वतः मामाजींकडे आले होते. "भाऊ, मले कोरडी जागा दे. चिखलात माहा पाय निंगत नाई." मामाजींनी विचारही केला नाही. बर्डी दिली आणि चिखल घेतला.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामाजी त्या बांधीत मुरूम टाकत होते. पहिल्या उन्हाळ्यात मीही टोपली डोक्यावर घेतली. माहेरी मी कधी टोपली उचलली नव्हती. रात्री मान वळत नव्हती, आणि रडायची सोय नव्हती, कारण मामाजी माझ्यापेक्षा दुप्पट वाहायचे. धुरे वर आणले, कोपऱ्यात विहीर खणली, जास्तीचं पाणी काढायला पाट केला. कितीतरी वर्षांनी ती बांधी ताळ्यावर आली. मग मात्र ती अशी झाली की पावसानं दडी मारली, गावभर धान पिवळं पडलं, तरी आमचं हिरवं राहायचं. आमचं वर्षाचं खाणं तिथून यायचं. तिकडे काकाजींनी बर्डीवर तूर, वांगी, मिरची लावली होती, त्यांचंही बरं चाललं होतं.

मग नियम आला की पिकाची नोंद ज्यानं त्यानं शेतात उभं राहून मोबाईलवर करायची. नोंद नसेल तर सरकारी केंद्रावर धान घेणार नाहीत. मी पदर खोचून पाळीखालच्या बांधीत गेले, मोबाईल उघडला, मामाजींचं नाव निवडलं. मोबाईल म्हणाला, तुम्ही तुमच्या शेतापासून दूर आहात. मी हसले. त्याच्यात एक बाण होता. बाण दाखवेल तिकडे चालत गेले, धुऱ्यावरून, पांदणीतून, आणि शेवटी काकाजींच्या वांग्यात जाऊन उभी राहिले. तिथं मोबाईल खूश झाला.

काकाजी मांडवाखाली बसले होते. "काऊन बाई, वाट चुकली का?"

मी सगळं सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "मंग काढ ना वांग्याचा फोटो. वांगे बी आता भावाचे झाले माह्या."

त्यांनी खाण्यापुरतं थोडं धान एका कडेला लावलेलं होतं. त्याचा फोटो मी मामाजींच्या नावानं काढला. मग काकाजी म्हणाले, माझाही तूच काढ, माझ्यानं पाळीपर्यंत येणं होत नाही. तेव्हा मी परत आमच्या बांधीत आले आणि आमच्याच धानाचा फोटो काकाजींच्या नावानं काढला. पुढेही दरवर्षी हेच केलं. आमचं धान त्यांच्या नावानं केंद्रावर जायचं, आणि जे यायचं ते काकाजी जसंच्या तसं मामाजींच्या हातात आणून ठेवायचे. दोघा भावांनी मोबाईलला बरोबर फसवलं म्हणून आम्ही घरात हसायचो. हसणं आम्हाला महाग पडलं, पण त्यात चूक कुठे झाली ते मला आजही सापडत नाही. मोबाईलला खरं सांगायची सोयच नव्हती.

काकाजींचा एकुलता एक मुलगा, माझा चुलत दीर, पुण्याला कंपनीत होता. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, आणि नाटकाला तेवढा गावी यायचा. येताना मला काहीतरी आणायचा, मामाजींच्या पाया पडायचा. वाईट माणूस म्हणावा तर तसाही नाही. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा तो परत आला आणि म्हणाला, आता शेतीच करायची, पण नव्या पद्धतीनं. ठिबक, कॅमेरा, मातीत खुपसायचे सेन्सर, असं तो सारखं बोलायचा. पाळीवर बसून तासन् तास मोबाईल बघायचा. काकाजी म्हातारपणी पुन्हा ताठ चालायला लागले होते. आम्हालाही बरं वाटत होतं.

त्यानं काकाजींच्या नावानं सौर पंपासाठी ऑनलाइन अर्ज केला होता. बर्डीवरच्या विहिरीसाठीच केला होता. अदलाबदल त्याला लहानपणापासून माहीत होती. पण अर्ज काकाजींच्या नावाचा, म्हणून जमिनीचा गट नंबरही त्यांच्या नावाचा, आणि तो गट म्हणजे पाळीखालची आमची बांधी.

मृगाचे दिवस होते. बांधीत आमचे पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, वीतभर झाले होते. सकाळी मी गेले तर टेम्पोतून लोखंडी सांगाडे उतरत होते आणि चार-पाच माणसं पऱ्ह्यात खड्डा खणत होती. मी धावत सुटले. एकाच्या हातातलं फावडं मी खरंच हिसकलं.

"ताई, आमच्यावर कशाला चिडता?" तो म्हणाला. "लोकेशन हेच आहे. बघा."

त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. आमच्या बांधीभोवती पिवळी रेघ होती, कोपऱ्यातली विहीर गोल ठिपक्यासारखी दिसत होती, आणि वर काकाजींचं नाव. वरून पाहिलं तर आजूबाजूचं सगळं तांबडं होतं, एक आमची बांधी तेवढी हिरवी. दीर मोटरसायकलवरून आला. "थांबवा, थांबवा, चूक झाली," असं त्या माणसांना म्हणाला आणि माझी माफीही मागितली. मग त्यानं तो मोबाईल हातात घेतला आणि बघत राहिला. फार वेळ बघत राहिला. अदलाबदल त्याला माहीत होती, पण ती ऐकलेली होती. हे चित्र होतं आणि त्यावर त्याच्या बापाचं नाव होतं. मला तेव्हाच भीती वाटली. सांगाडे धुऱ्यावर ठेवून टेम्पो निघून गेला.

दोन-तीन दिवसांनी तो आमच्या घरी आला. बाजेवर बसला. पाणी प्यायला.

"वहिनी, मी सगळं पाह्यलं. मागच्या सगळ्या वर्षांचं तिथलं धान बाबाच्या नावानं चढून हाय. फोटोसकट."

"ते फोटो मी काढले भाऊजी. तुमच्या बाबांनी सांगितलं म्हणून."

"तेच तं म्हणून राह्यलो. तुम्हीच काढले. तुम्हीच भरलं का इथी बाबाचं धान हाय म्हणून." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मले भांडाचं नाई. पण बर्डीवर मले काही मिळतच नाई, ना पंप, ना दुसरं काही. कुठी बी गेलो का लोकेशन मागते. मी किती दिवस दुसऱ्याच्या नावावर शेती करू?"

दुसऱ्याच्या नावावर शेती आम्हीही करत होतो, इतकी वर्षं, पण हे त्याच्या मनात आलं नाही. मला संताप आला. आमचाच घाम मी स्वतःच्या बोटानं दुसऱ्याच्या नावावर चढवला होता, आणि तोच आता पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवला जात होता.

मी पटवाऱ्याला जाऊन विचारलं. त्यानं नीट सांगितलं. दोघं भाऊ मिळून या, अदलाबदल झाली आहे असं दोघांनी कबूल करा, मग कागद पुढे सरकवता येईल. पण एकानं नाही म्हटलं तर मोबाईलमध्ये आहे तेच खरं धरलं जाईल. म्हणजे सगळं काकाजींच्या एका शब्दावर आलं. मी घरी आले ती जरा हलक्या मनानं, कारण काकाजींचा शब्द मला माहीत होता. काकी आजारी असताना सबंध पावसाळा त्यांचा डबा मी केला होता. माझ्या हातची चटणी लागते म्हणून ते गुडघा धरत आमच्या घरापर्यंत येणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या अंगणात बसलो. मामाजी, काकाजी, दीर आणि मी. चहा झाला. मामाजींनी बिडी काढली आणि पेटवली नाही.

"सांग गा," ते भावाला म्हणाले, "आपलं काय ठरलं होतं ते. तहसीलले जाऊन सांगून देऊ दोघंबी."

काकाजी गुडघा चोळत होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं. दीर खाली बघत होता. त्यानं बापाला काही शिकवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तरी काकाजींचा हात गुडघ्यावर थांबला.

"ठरलं तं होतं भाऊ," ते शेवटी म्हणाले. "नाई कसा म्हणू. पण आता मोबाईलमंधी आलं ना सगळं. त्याच्यात जे हाय तेच राहू दे."

माझा तोल गेला. सासऱ्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. "काकाजी, मोबाईलनं मुरूम वाह्यला का तिथी? विहीर मोबाईलनं खणली का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बाई, माहा पोरगा कितीक वर्षानं घरी आला. हा वापस गेला तं मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

म्हातारा खोटं बोलत नव्हता, हेच तर जास्त लागलं. त्याला खरं माहीत होतं, ते त्यानं भावाच्या तोंडावर कबूल केलं, आणि तरीही मुलाला धरून ठेवायला आमची बांधी त्याच्या हातात दिली. मोबाईल नसता तर हे म्हणायला त्याची जीभ वळली नसती. मोबाईल होता म्हणून त्याला आपल्या तोंडानं नाही म्हणावं लागलं नाही.

घरी येताना मी मामाजींना म्हणाले, आपण कोर्टात जाऊ, गाव साक्षीला येईल. ते चालत राहिले.

"तोंडानंच देल्लं होतं त्यानं," ते म्हणाले, "तोंडानंच घेतलं. कोर्टात काय सांगू मी, माहा भाऊ खोटा हाय म्हणून?"

मला त्यांचाही राग आला. अजूनही येतो. चांगुलपणा ज्याला परवडतो त्यानं करावा. आमच्या कोठीत धान यायचं ते त्या एका बांधीतून.

मामाजींनी दुसऱ्या दिवशी पऱ्हे उपटले. जुड्या बांधून कावडीनं बर्डीवर नेले आणि मुरमाड जमिनीत जमेल तसे धुरे घालून रोवले. तिथं धान येणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पाणी थांबत नव्हतं. सकाळी भरलं की दुपारी जमीन कोरडी. ते धान गुडघ्याएवढं झालं आणि तिथंच थांबलं. नवरा घरी आला तेव्हा त्यानं ते पाहिलं, जेवला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रॅक्टरवर गेला. पाळीखाली सौर पंप उभा राहिला, मामाजींच्या विहिरीवर. दिरानं तिथं धान रोवलं. चांगलंच आलं. त्या बांधीत कोणीही रोवलं असतं तरी आलं असतं.

आमच्या गावात निंदणाला बायांची गँग असते. गँग ठरलेल्या क्रमानं गावातल्या शेतांत जाते, आणि ज्याचा दिवस असेल त्याच्याकडे सगळ्यांनी जायचं असतं. एकीनं एका शेताला नाही म्हटलं की ती पुढच्या शेतातूनही गेली, तिची मजुरीही गेली. भादव्यात पाळीखालच्या बांधीचा दिवस आला. घरी राहायचं माझ्या मनात होतं. पण बर्डीवर काय पिकणार ते दिसत होतं, आणि मजुरीशिवाय आता दुसरं काही राहिलं नव्हतं. मी गेले.

बाया माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम दुसरंच बोलत होत्या. मी ओळीत उतरले. कुठं पाय रुततो, कुठं खाली मुरूम लागतो, हे मला बघावं लागत नव्हतं. मी वाकून निंदत राहिले. मान वर केली नाही, कारण केली असती तर मला रडू आलं असतं, आणि त्या बांधीत मला रडायचं नव्हतं.

दुपारच्या आधी दीर मोबाईल घेऊन धुऱ्यावर आला. नोंदीचे दिवस होते. आता त्याचा फोटो तो स्वतःच काढत होता. त्यानं मोबाईल आडवा धरला, उभा धरला, दोन पावलं इकडे झाला, तिकडे झाला.

"वहिनी," तो म्हणाला. आवाज अगदी आर्जवी होता. "जरा बाजूले होता का? फोटोत नुसतं धान पाहिजे. माणूस आला तं घेत नाई तो."

सगळ्या बायांचे हात थांबले. मी कंबर सरळ केली, चिखलातून एकेक पाय काढत कडेला गेले आणि धुऱ्यावर चढून उभी राहिले. त्यानं फोटो काढला, नीट आला का ते पाहिलं.

"झालं वहिनी," तो म्हणाला, "या आता." आणि मी पुन्हा त्याच्या बांधीत उतरले.